हेम्माडग्याचा ‘जवळचा’ रस्ता आणि डॅशबोर्डवरचं जीपीएस : बेळगाव ते फोंडा

आधी निकाल सांगतो. बेळगावहून गोव्याला निघताना गाडीत वेगळं नॅव्हिगेशन यंत्र लावणार असाल, तर त्यातला ‘कमीत कमी अंतर’ हा पर्याय घरीच बंद करा. खानापूर ओलांडेपर्यंत थांबू नका. ते यंत्र तुम्हाला लोंढ्याचा हमरस्ता सोडायला लावून मणतुर्गा-शिरोली-हेम्माडगा असं जंगलातून अनमोडला नेतं. अंतर थोडं वाचतं. बाकी काहीच वाचत नाही.

आम्ही फोंड्याला लग्नाला निघालो होतो. आम्हाला तो पर्याय यंत्र विकणाऱ्या दुकानदाराने लावून दिला होता. “जवळच्या रस्त्यावर ठेवा, पेट्रोल वाचतंय,” असं तो म्हणाला. शिवाय त्याने यंत्राच्या किमतीवर ‘सॅटेलाइटचं वर्षाचं भाडं’ म्हणून दीड हजार रुपये वेगळे घेतले. हे भाडं नावाची गोष्टच अस्तित्वात नाही. जीपीएसचा सिग्नल जगभर सगळ्यांना फुकट आहे. सामान्य लोकांना नेमकी जागा कळू नये म्हणून अमेरिकेने त्यात मुद्दाम घातलेली चूकही मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. पैसे लागतात ते नकाशा अद्ययावत करायला, आणि तेही सगळ्या यंत्रांना लागत नाहीत. तुमच्याकडे कोणी सिग्नलचे पैसे मागितले तर पावतीवर ‘कशाबद्दल’ ते लिहून मागा.

बेळगाव ते खानापूर रस्ता चांगला आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. खानापूर सोडल्यावर यंत्राने उजवीकडे वळायला सांगितलं. दुपार कलली होती, दादा गाडी चालवत होता, यंत्र पोचायची वेळ संध्याकाळी साडेसहाची दाखवत होतं. मणतुर्ग्यापर्यंत डांबर बरं होतं. हलात्री नदीचा पूल लागला तेव्हा त्यावर पाणी नव्हतं, पण कठड्याला अडकलेला पालापाचोळा बघून पावसाळ्यात काय होत असेल ते कळत होतं. जोराच्या पावसात हा पूल पाण्याखाली जातो आणि रस्ता बंद होतो. यंत्राला ते कधीच कळत नाही. त्याच्या नकाशात पूल आहे म्हणजे रस्ता आहे.

शिरोलीच्या पुढे खरा त्रास सुरू झाला. एकाच गाडीपुरता रस्ता, दोन्ही बाजूंनी झाडी अंगावर आलेली, डांबर मध्येच संपायचं आणि उघडे दगड लागायचे. समोरून लाकडाचा ट्रॅक्टर आला तेव्हा दादाला गाडी बरीच मागे घ्यावी लागली, कारण बाजूला उतरायला जागाच नव्हती. पुढच्या एका खड्ड्यात डावं पुढचं टायर बाजूने कापलं. स्टेपनी लावेपर्यंत उजेड गेला. तेवढ्यात दुचाकीवरून एक मामा आले. थांबून त्यांनी बॅटरी धरली आणि म्हणाले, “हिकडनं कशाला आलासा? लोंढ्यावरनं जायाचं की. आता फुडं जावा, मागं तेवढंच हाय.” त्यांनी सांगितलेलं अंतर बरोबर निघालं. यंत्राने सांगितलेली वेळ मात्र दर वळणाला पुढे सरकत होती.

असं का होतं ते नंतर शोधून काढलं. पोचायची वेळ काढताना यंत्र रस्त्याचा वर्ग बघतं आणि त्या वर्गाला ठरवून दिलेला वेग धरतं. नकाशात एखादा रस्ता जिल्हा मार्ग म्हणून नोंदलेला असेल, तर त्यावर खड्डे असोत की दगड, हिशेब त्याच वेगाने होतो. त्यातून आमचं यंत्र रहदारीची ताजी माहिती न घेणारं. जागा ठरवायला त्याला एका वेळी किमान चार उपग्रह दिसावे लागतात, आणि हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. हेम्माडग्याच्या दाट झाडीखाली आमचा बाण रस्ता सोडून जंगलात चालत होता. एकदा तर त्याने कच्च्या पायवाटेवर वळायला सांगितलं. वहिनीने तेव्हा त्याचा आवाज बंद केला, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचा तो सगळ्यात शहाणा निर्णय होता.

ही किरकोळ गैरसोय समजू नका. हा पट्टा भीमगड अभयारण्याला लागून आहे. अस्वलं आणि गवे इथे रोजचे. मोबाइलला लांबवर रेंज नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याला निघालेलं बिहारमधलं एक कुटुंब मोबाइलच्या नकाशामागे जाऊन याच शिरोली-हेम्माडगा भागात रात्रभर अडकलं होतं. पहाटे चालत जाऊन रेंज मिळाल्यावर त्यांनी ११२ ला फोन केला, मग खानापूर पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. ही बातमी आम्ही वाचली होती, पण ते मोबाइलमुळे झालं, वेगळं यंत्र घेतलं की असं होत नाही, असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं. होतं. अगदी तसंच होतं.

अनमोडला मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा दादाने गाडी कडेला घेऊन पाच मिनिटं नुसतं बसायला सांगितलं. घाट उतरून मोलेमार्गे फोंड्याला पोचलो. लग्न छान झालं.

परत येताना चोर्ला घाटाने आलो आणि इथे त्याच यंत्राने उत्तम काम केलं, हेही सांगायला हवं. ‘कमीत कमी वेळ’ आणि ‘कच्चे रस्ते टाळा’ असे दोन पर्याय लावले, आणि साखळी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी ही ठिकाणं वाटेतले थांबे म्हणून स्वतः भरली. थांबे भरले की यंत्राला फाटे फोडायला जागा राहत नाही. घाटात मोबाइल मुका झाला तरी यंत्र चालू होतं, कारण नकाशा त्याच्या पोटात असतो. धुक्यात पुढचं वळण किती तीव्र आहे ते स्क्रीनवर आधी दिसतं, याचा फार आधार वाटला. फक्त या रस्त्यावर कुसमळीच्या पुलाचं काम चाललं तेव्हा वाहतूक वळवली होती, तसली बातमी यंत्राला नसते. ती जांबोटीच्या चहाच्या टपरीवर विचारा.

आमच्याकडे तीन-चार घरांत अशी यंत्रं आहेत. निपाणीच्या काकांचं हमरस्त्यावर कधीच चुकत नाही, ते खूष आहेत, आणि पुणे-बेळगाव एवढंच फिरणाऱ्याने खूष असायला हरकत नाही. चंदगडच्या आतेभावाला मात्र त्याच्या यंत्राने दोडामार्गहून भरल्या गाडीनिशी तिलारी घाट चढायला लावला. उभा चढ, तीव्र वळणं. अर्ध्यात क्लच जळाल्याचा वास यायला लागला. पाच माणसं आणि सामान असेल तर तिलारीने चढू नका, आंबोलीने या.

ठिकाण शोधताना जिल्ह्याचं नाव बघूनच निवडा. ‘खानापूर’ टाकलं की सांगली जिल्ह्यातलं विट्याजवळचं खानापूरही येतं. शहापूरचंही तेच. जुन्या नकाशात बेळगावचं नाव १ नोव्हेंबर २०१४ च्या आधीच्या स्पेलिंगने असतं, म्हणून Belgaum आणि Belagavi अशी दोन्ही स्पेलिंगं टाकून बघा. अक्षांश-रेखांश भरणार असाल तर यंत्र दशांश मागतंय की अंश-मिनिटं, ते आधी तपासा. १५.५० हा आकडा १५ अंश ५० मिनिटं म्हणून गेला, तर ठिकाण ३७ किलोमीटर उत्तरेला सरकतं. खानापूर तालुक्यात एवढ्या फरकाने माणूस भलत्याच जंगलात जातो.

बरेच दिवस कपाटात पडलेलं यंत्र निघायच्या घाईत लावू नका. कुठला उपग्रह कुठे आहे याची पूर्ण यादी सिग्नलवरून उतरवून घ्यायला त्याला साडेबारा मिनिटं लागतात. आदल्या संध्याकाळी उघड्या गच्चीवर वीस मिनिटं ठेवा. काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल तर सिग्नल अडतो, मग यंत्र डॅशबोर्डवर कुठेही चिकटवून उपयोग नाही.

आणि खानापुरातून बाहेर पडताना यंत्र उजवीकडे वळा म्हणालं तर वळू नका. सरळ गुंजी, लोंढा, रामनगर, मग अनमोड. ते बराच वेळ मागे फिरायला सांगत राहील. लोंढा जवळ आलं की आपोआप नवा रस्ता मांडतं.