आतल्या बाजूची तीन पावले

गुरुवार, रात्र

आज वॉल्ट्झ नाचाच्या वर्गात बाई मला एवढेच म्हणाल्या, की नॅचरल टर्नच्या, म्हणजे उजव्या वळणाच्या, सहापैकी पहिल्या तीन पावलांत मी फार काही करते आहे, थोडे कमी करावे आणि श्रीरंगला जाऊ द्यावे. सूचना तंत्राची होती, स्वर नेहमीचा होता आणि त्या लगेच पुढच्या जोडीकडे गेल्याही. तरी घरी येऊन कुकर लावला, जेवणे झाली, सुमाचा फोन येऊन गेला (त्याविषयी आज लिहिणार नाही), आणि ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

बाईंचे म्हणणे शास्त्राला धरून आहे, हीच तर अडचण आहे. श्रीरंग भिंतीकडे तिरके तोंड करून उजव्या पायाने पुढे निघतो आणि मी डाव्या पायाने मागे जाते. तिसरे पाऊल संपताना दोघांचेही पूर्ण फेरीच्या तीन अष्टमांश वळण झालेले असावे लागते, पण वळण सारखे असले तरी वाट सारखी नसते. तो बाहेरच्या बाजूने जातो, त्यामुळे त्याला पल्ला लांब पडतो आणि तो आपले वळण दोन टप्प्यांत घेतो: पहिल्या आणि दुसऱ्या पावलाच्या मध्ये पाव, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये उरलेला अष्टमांश. मी आतल्या बाजूला असते. माझ्या पायांनी पहिल्या आणि दुसऱ्या पावलाच्या मध्येच सगळे वळण उरकायचे असते, शरीराने मात्र थोडे मागे राहून तिसऱ्या पावलावर, पाय जुळताना, तिथे पोचायचे असते. आतल्या माणसाने दुसरे पाऊल ऐसपैस टाकले की बाहेरच्याला मोठा वळसा पडतो, त्याचे खांदे वर चढतात आणि दोघांच्या हातांची चौकट बिघडते. हे सगळे मला समजते, कागदावर काढूनही दाखवता येईल.

मग मन एवढे खट्टू का व्हावे? त्याला जाऊ द्यावे, हे मला आज प्रथमच सांगितले गेले असते तर कदाचित लागले नसते. ठाण्याची बँक सोडून इकडे आलो तेव्हाही हेच ठरले होते, आणि आईंच्या खोलीच्या वेळी तर... ते राहू दे. आपल्या हौसेने, आपल्या पैशाने चर्चच्या सभागृहातल्या लाकडी जमिनीवर आठवड्यातून एक संध्याकाळ काढावी आणि तिथेही आपण आकसून घ्यावे, दुसऱ्याला रस्ता द्यावा, असेच निघावे! मंगळागौरीच्या फुगडीत हे असे नव्हते. तिथे वळणाचा मध्य दोघींच्या बरोबर मधोमध असायचा, दोघी सारख्याच मागे रेलायच्या, आणि आत कोण, बाहेर कोण हा प्रश्नच यायचा नाही. वॉल्ट्झमध्ये दोघेही वळणाच्या मध्याकडे कलतात आणि तो मध्य दोघांपैकी एकाच्याच बाजूला असतो.

एवढे लिहून झाल्यावर उठून ओट्यापाशी पुढची तीन पावले करून पाहिली, आणि त्यानंतर पहिल्याइतके वाईट वाटेना. चौथ्या पावलाला श्रीरंग डाव्या पायाने मागे येतो आणि मी उजव्याने पुढे निघते. म्हणजे आता आत तो असतो आणि लांबचा वळसा माझा. तेच तीन अष्टमांश, फक्त वाटणी उलटी. तिथे तो पाचवे पाऊल कसे टाकतो, हे बाईंनी पाहायला हवे होते! उंच माणूस, लांब तंगडी, आणि ती अशी ऐटीत बाजूला पडते की मला त्याच्याभोवती अक्षरशः धावावे लागते. पण बाई त्या वेळी माझ्याच पायांकडे पाहत होत्या. ते त्याला सांगावे की बाईंना, याचा विचार करत बराच वेळ गेला. शेवटी हिशेबच मांडला. तीन ठोक्यांचा, म्हणजे तीन पावलांचा, एक बार. मिनिटाला असे तीस बार धरले तर एक बार दोन सेकंदांचा होतो, म्हणजे दोन सेकंद मी आत आणि दोन सेकंद तो आत. इतकी चोख वाटणी आमच्या घरात दुसऱ्या कशाचीही झालेली नाही.

खटकायचे ते तरीही खटकतेच. रिव्हर्स टर्न डावीकडे वळतो, पण सुरुवात त्यातही माझ्या मागे जाण्यानेच होते. 1924 मध्ये लंडनच्या इंपीरियल सोसायटी या नृत्यशिक्षकांच्या संस्थेने बॉलरूम नृत्याची शाखा काढली आणि तंत्र नीट बांधायला घेतले. पाव आणि अष्टमांशांची ही भाषा त्याच परंपरेतली, आणि तिच्या तक्त्यांत या दोन्ही वळणांचे पहिले पाऊल पुरुषाचे पुढे आणि स्त्रीचे मागे. त्याच्या दोन वर्षे आधी व्हिक्टर सिल्व्हेस्टर आणि फिलिस क्लार्क यांनी जागतिक अजिंक्यपद मिळवले, तेव्हा त्यांच्या वॉल्ट्झमध्ये उजवे वळण, डावे वळण आणि दिशाबदल यांपलीकडे फारसे काही नव्हते, असे सांगतात. म्हणजे फिलिस क्लार्कनेही आधी मागेच जायचे आणि नंतर पुढे. त्यांना कोणी थोडे कमी करायला सांगितले होते का, हे मला जाणून घ्यायला आवडले असते.

मंगळवारी सभागृह रिकामे असते. त्या दिवशी आपण पावले बदलून पाहू, मी पुढे निघते आणि तू मागे जा, असे मी श्रीरंगला आत्ताच सांगून आले. वर्तमानपत्रातून डोके वर न काढता तो हो म्हणाला. मग जरा वेळाने त्याने विचारले, की मागे नेमके कधी निघायचे, हे त्याला कसे समजणार. मी म्हटले, "मी निघाले की कळेल तुला."