खरखर कोणाची?

शॉर्टवेव्हचा जुना रेडिओ उघडला की निम्मी दुखणी डोळ्यांनाच दिसतात. सेल पाझरलेले असतात, स्प्रिंगवर पांढरट-हिरवा थर चढलेला असतो. सेल अल्कलाइन असेल तर लिंबाचे दोन थेंब, साधा असेल तर पाण्यात कालवलेला खायचा सोडा, आणि जुना टूथब्रश. व्हॉल्यूम वाढवताना चरचर होत असेल तर आतल्या कार्बनच्या पट्टीवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारायचा नि बटण मनसोक्त फिरवायचं. बँड स्विचलाही तेच औषध. बरेच रेडिओ एवढ्यावरच बोलायला लागतात.

आमच्या बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, रेडिओ जरा निराळा आजारी होता. मीडियमवेव्ह ठणठणीत आणि शॉर्टवेव्ह ठार मुकी. हे लक्षण फार बोलकं. मीडियमवेव्हचा अँटेना पेटीच्या आतच असतो, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार. शॉर्टवेव्हची सगळी भिस्त बाहेरच्या एरियलवर. वर्षानुवर्षं गरगर फिरवून एरियलचा बुडखा सैल झाला होता आणि त्याला जोडलेली तार आत लोंबत होती. सोल्डरचा एक ठिपका, काम फत्ते. तिथेच पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या डोक्यांचे पेच असलेल्या पत्र्याच्या डब्या दिसतात. हात शिवशिवतो, पण त्यांच्या वाटेला जाऊ नये. 455 किलोहर्ट्झवर, म्हणजे रेडिओच्या आतल्या ठरलेल्या वारंवारतेवर, जुळवलेला तो संसार अंदाजाने पेच पिळून पुन्हा लागत नाही.

तर रेडिओ बोलला. काय बोलला? घर्रर्र. शॉर्टवेव्हच्या 31 मीटर पट्ट्यावर घर्र, 25 वर घर्र.

"अगं, बंद होता तेच बरं होतं," बाबा म्हणाले.

गच्चीवर नेला तर तोच रेडिओ शहाण्यासारखा वागला. आधी चिनी बाई, मग कुठलंसं अरबी गाणं, दोन्ही स्वच्छ. शेकडो किलोमीटर उंचीवरच्या आयनोस्फिअर नावाच्या हवेच्या थरावरून परतलेला आवाज नौपाड्याच्या गच्चीवर सुखरूप उतरतो आणि शेवटच्या चार मजल्यांत त्याचा जीव जातो. खरखर रेडिओची नव्हतीच, आमच्या घराची होती.

मग मी घरातली सगळी बटणं बंद केली आणि सेलवर चाललेला रेडिओ कानाशी धरून एकेक बटण चालू करत गेले. मोबाइलचा स्वस्तातला चार्जर, हा पहिला चोर. मग एलईडी दिवे, मग राउटरचा अडॅप्टर. यांच्या पोटात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते आणि त्याचा कचरा थेट शॉर्टवेव्हपर्यंत उडतो. एफएमला त्याचं फारसं काही नाही. हा कचरा लहरीच्या कमीजास्त जोरात मिसळतो, आणि एफएम त्या जोराकडे बघतच नाही. पूर्वी मिक्सर लावला की रेडिओ ओरडायचा, पण चटणी झाली की गप्प बसायचा. आताची उपकरणं चटणी न वाटताच चोवीस तास ओरडतात.

बाबांना ऐकायचं तरी काय, असं कुणी विचारेल. बीबीसीची शॉर्टवेव्हवरची हिंदी सेवा 31 जानेवारी 2020ला थांबली, त्या दिवशी ते चिडले होते. माहिती-प्रसारण मंत्री केसकरांनी 1952नंतर आकाशवाणीवर सिनेगीतांना आवर घातला आणि अख्खा देश रेडिओ सिलोनकडे वळला, हेही ते अजून सुनावतात, वर "आणि माणूस आपला मराठी!" अशी पुरवणी. हल्ली मात्र त्यांना ठरावीक काही लागत नाही. रात्री डायल फिरवायचा आणि लांबचं काहीतरी लागलं पाहिजे, भाषा कळो न कळो.

त्यामुळे आमच्याकडे रात्री जेवणानंतर चार्जर निघतात, राउटर झोपतो, नातू कुरकुरतो. गॅलरीत कपड्यांच्या दोरीबरोबर पाच-सहा मीटर वायर ताणली आहे, तिचं टोक चिमट्याने एरियलला. घर्र बरीच खाली आली. उरलेली समोरच्या गॅलरीतून येते. तिथली दिव्यांची माळ गणपतीत लागली ती उतरलीच नाही. शेजारी माणसं चांगली आहेत. त्यांना काय कारण सांगायचं, एवढंच ठरत नाहीये.