हक्क आहेत, पण वापरायची हिंमत होत नाही

आम्ही दुबई सोडून अमेरिकेत यायचं ठरवलं तेव्हा ज्याला त्याला एकच म्हणायचं होतं, आता तू खऱ्या मोकळ्या देशात चाललीस. मला ते तेव्हाही पूर्ण पटलं नव्हतं आणि न्यू जर्सीत बरीच वर्षं काढल्यावर तर अजिबातच पटत नाही. कायद्याने दिलेले हक्क वेगळे आणि रोज उठून जगताना वाटणारा मोकळेपणा वेगळा, एक असला की दुसरा असेलच असं काही नाही.

दुबईचंच बघा. युएईमध्ये दहातले जवळपास नऊ जण बाहेरचे, आणि या बाहेरच्यांना राजकीय हक्क म्हणाल तर काहीच नाहीत. युनियन काढता येत नाही, संप करता येत नाही, व्हॉट्सॲपवर कोणाला शिवी दिली किंवा न विचारता कोणाचा फोटो काढून टाकला तरी केस होऊ शकते. पण मी रात्री बारा वाजून गेल्यावरही एकटी चालत घरी यायचे, पर्स खांद्याला, कानात हेडफोन, आणि मागून कोण येतंय हे वळून बघायची सवयच सुटली होती. बाई माणसाला हे किती मोठं असतं ते बाईलाच विचारा. त्या मोकळेपणाला कोणी खोटा म्हटलं की मी अजूनही भांडते, कारण तो मी जगलेय. मात्र तो मला मिळाला तो घरात चांगला पगार येत होता म्हणून, हेही तितकंच खरं. त्याच शहरात बांधकामावरचा माणूस लेबर कॅम्पात एका खोलीत कितीतरी जणांबरोबर राहतो, मालकाने कामगाराचा पासपोर्ट ठेवून घ्यायला कायद्याने बंदी आहे तरी कित्येकांचा ठेवून घेतला जातो, आणि तो परत मागायचा म्हणजे नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवावी लागते. म्हणजे कायद्यात नसलेला मोकळेपणा मी उपभोगत होते आणि कायद्यात असलेला हक्क त्याला मिळत नव्हता, एकाच शहरात, एकाच वेळी.

अमेरिकेत चित्र पालटतं. इथल्या घटनेतलं बरंचसं संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे, आणि हे आजकालचं नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवाना लागायचा, चिनी लोकांनी अर्ज केले की नाकारायचे आणि इतरांना जवळपास सगळ्यांना द्यायचे, त्यावर यिक वो नावाच्या लाँड्रीवाल्याच्या खटल्यात १८८६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की समान संरक्षण या परक्या माणसांनाही लागू आहे. मला हा निकाल फार आवडतो. नागरिकत्व मिळायची शक्यताही नसलेली ती लाँड्रीवाली माणसं थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि जिंकली.

आणि आम्ही साध्या हीटरसाठी तक्रार करायला घाबरत होतो. ऐन जानेवारीत फ्लॅटचं हीटिंग बंद पडलं. न्यू जर्सीत नियम स्पष्ट आहे, १ ऑक्टोबर ते १ मे भाड्याच्या बिल्डिंगमध्ये दिवसा किमान ६८ डिग्री फॅरनहाइट तापमान ठेवायची जबाबदारी घरमालकाची, आणि भाडेकरूने तक्रार केली म्हणून त्याला घराबाहेर काढता येत नाही. मी हे सगळं वाचून काढलं होतं, फोन नंबरही लिहून ठेवला होता. मालक रोज उद्या उद्या म्हणत होता, मुलगी जॅकेट घालून होमवर्क करत होती, आणि नवरा म्हणत होता, "अगं व्हिसाच्या एक्सटेन्शनचा अर्ज आत गेलाय, आत्ता कुठल्या सरकारी कागदावर आपलं नाव नको." या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींनी, जन्मापासून इथल्याच, टाउनशिपच्या म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाच्या ऑफिसला फोन केला, इन्स्पेक्टर आला, भिंतीजवळ थर्मामीटर धरून आकडे टिपले, आमचं व्हिसाचं स्टेटस काय हे त्याने विचारलंही नाही, आणि दोन दिवसांत हीटिंग सुरू झालं. कायद्याने आमच्यात आणि आजींच्यात काही फरक केला नाही. फरक एवढाच की त्यांना फोन उचलताना विचार करावा लागला नाही.

ही भीती उगाच येत नाही हो. एच वन बी वर, म्हणजे कंपनीने काढून दिलेल्या नोकरीच्या व्हिसावर, नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरी कंपनी शोधा, स्टेटस बदला नाहीतर निघा. घराचं लीज, मुलांची शाळा, गाडीचं कर्ज, सगळं त्या ६० दिवसांवर. आणि बायको एच फोर वर, म्हणजे त्या नवऱ्यामुळे मिळालेल्या व्हिसावर, असेल तर तिचं इथलं असणंच नवऱ्याच्या नोकरीला बांधलेलं, कामाची परवानगी २०१५ पासून मिळायला लागली ती पण सगळ्यांना नाही, साधारणपणे नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या प्रोसेसमध्ये आय १४०, म्हणजे कंपनीने त्याच्यासाठी भरलेला अर्ज, मंजूर झालेला असेल तरच. मारहाण सहन करणाऱ्या बाईला पोलिसांना बोलवायचा पूर्ण हक्क आहे, पोलिस येतातही, पण फोन करायच्या आधी तिच्या डोक्यात याला अटक झाली, याची नोकरी गेली, तर माझं आणि मुलांचं काय हे गणित सुरू होतं. असल्या बायकांना व्हिसाच्या कायद्यात काही संरक्षणं आहेत, फक्त त्यांच्यापर्यंत ती कोणी पोचवत नाही.

बोलण्याच्या स्वातंत्र्याचंही तेच. घटना ते देते, आणि २०१९ पासून व्हिसाच्या फॉर्मवर मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडिया अकाउंट्स लिहून द्यावी लागतात. कॉन्सुलेटच्या अधिकाऱ्याने व्हिसा नाकारला तर कोर्टात त्याला आव्हान देणं जवळजवळ अशक्य. माझी एक मैत्रीण कुठल्याही राजकीय पोस्टखाली कॉमेंट टाइप करते, दोनदा वाचते आणि डिलीट करते. तिला कोणी मनाई केलेली नाही.

इंग्लंडचं ऐकलं तेव्हा तर मला खरंच वाटेना. तिथे कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक कॉमनवेल्थमधला म्हणून पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देऊ शकतो, तेही व्हिसावर असताना. म्हणजे पंतप्रधान कोण व्हावा यात त्याचं मत मोजलं जातं, पण त्याला बोलावणाऱ्या केअर होमचं स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणसं कामाला ठेवायचा परवाना, सरकारने रद्द केलं तर त्याची काही चूक नसताना त्याला साधारण ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधावा लागतो. स्पॉन्सरला घाबरून गप्प बसणाऱ्याला मताचा हक्क काय कामाचा, असं मी म्हणणार नाही, मत हवंच. पण बॉस जास्तीचे तास लावतो आणि पैसे देत नाही तेव्हा त्याला मतपत्रिकेचा काही उपयोग होत नाही.

आणि हे फक्त बाहेरच्या देशांचं गाऱ्हाणं नाही. आपल्या राज्यघटनेतही कलम १४ (समानता) आणि २१ (जीवन आणि व्यक्तिस्वातंत्र्य) परदेशी माणसाला लागू आहे, कलम १९ मात्र फक्त नागरिकांना. बोलणं, सभा घेणं, देशभर फिरणं, हवा तो व्यवसाय करणं, हे भारतात राहणाऱ्या परदेशी माणसाचे मूलभूत हक्क नाहीत. प्रत्येक देश आपल्या माणसांसाठी काही राखून ठेवणारच, ते मला मान्य आहे. मला खटकतं ते हे की राहायची परवानगी एका कंपनीच्या नाहीतर एका नवऱ्याच्या हातात देऊन टाकायची, आणि मग त्याच माणसाविरुद्ध तुला सगळे हक्क आहेत म्हणून सांगायचं. परवानगी माणसाच्या स्वतःच्या नावावर करा, नोकरी बदलायला पुरेसे महिने द्या, हक्क आहेत तेच राहू देत, लोक आपोआप वापरायला लागतील. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या एनओसीची, म्हणजे ना हरकत पत्राची, अट कायद्यातून काढली, अंमलबजावणीत अजून रड आहे, पण सुरुवात तिथूनच व्हायला हवी असं मला वाटतं.

म्हणून हल्ली कोणी विचारलं की ऑफर आलीय, जाऊ का, तर मी आधी हे विचारते की नोकरी गेली तर किती दिवस मिळतात, कंपनी बदलायला कोणाची सही लागते, जोडीदाराला स्वतःच्या नावावर काम करता येईल का, मुलं २१ ची झाल्यावर त्यांचं काय (अमेरिकेत ती डिपेंडंट, म्हणजे आईवडिलांच्या व्हिसावर अवलंबून, राहत नाहीत, अख्खी शाळा इथे झालेली असली तरी), आणि कायमचं राहायची परवानगी मिळायला तुमच्या देशाच्या माणसाला किती वर्षं लागतात. बहुतेकांना पगाराचा आकडा पाठ असतो आणि यातलं एकही उत्तर माहीत नसतं. सही करायच्या आधी एचआरला ईमेलवर विचारा, फोनवर नको, आणि आलेलं उत्तर कंपनीच्या नाही, स्वतःच्या मेलबॉक्समध्ये ठेवा.