जिन्याखाली जनरेटर ठेवताय? आधी हे वाचा

सोलापुरातून धाकट्या भावाचा मेसेज आला, लाईट सारखी जातेय, इन्व्हर्टरवर दोन पंखे न् ट्यूब चालते पण फ्रिज नाही, आईला उकडतंय, तर पेट्रोलवरचा छोटा जनरेटर घ्यावा म्हणतोय, जिन्याखाली जागा आहेच. ते जिन्याखाली वाचून मला राहवलं नाही, कारण जुळे सोलापूर असो नाहीतर पूर्व भाग, घेणारे बहुतेक जण तिथंच ठेवणार, पाऊस लागत नाही आणि चोरीची भीती नाही म्हणून.

मी इकडं अमेरिकेत, ह्यूस्टनला राहते. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ आलं तेव्हा या भागात २२ लाखांहून जास्त कनेक्शनची लाईट गेली, काही भागात तर कितीतरी दिवस आली नाही, आणि वर ह्यूस्टनचा दमट उन्हाळा. गल्लीगल्लीत जनरेटर धडधडत होते. इथल्या लोकांना हे मशीन काय करू शकतं ते चांगलं माहितीय, कारण २०२० च्या लॉरा वादळात शेजारच्या लुइझियाना राज्यात झाडं पडून जेवढे गेले त्यापेक्षा जास्त जण जनरेटरच्या गॅसनं गेले. वादळातून वाचलेली माणसं घरात झोपेत गेली ओ.

तो गॅस म्हणजे कार्बन मोनॉक्साईड. रंग नाही, वास नाही. आपलं रक्त ऑक्सिजनपेक्षा त्याला २०० पटीहून जास्त घट्ट धरून ठेवतं, म्हणजे श्वास चालू असतो पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. धुराचा वास येत नाही म्हणजे काही होत नाही असं अजिबात धरू नका. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातापायातलं बळ जातं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथंच, की आपल्याकडं मे महिन्यात असं झालं तर घरातले म्हणणार ऊन लागलं असेल, पित्त झालं असेल, जरा पड म्हणजे बरं वाटेल. नका पडू. जनरेटर चालू असताना कुणाला असं व्हायला लागलं, त्यात घरातल्या दोघातिघांना एकदम, तर सगळ्यांना घेऊन आधी मोकळ्या हवेत या आणि मग १०८ ला फोन लावा.

इथल्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन या सरकारी संस्थेचं सांगणं आहे की जनरेटर घरापासून कमीत कमी २० फूट लांब पाहिजे, सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला. गॅरेजमध्ये, व्हरांड्यात, बाल्कनीत नाही, दार खिडक्या उघड्या ठेवल्या तरी नाही. आता आपल्याकडं २० फूट आणायचे कुठून, शेजाऱ्याची खिडकीच पाच फुटावर असते, आणि त्यांच्या खिडकीपासून पण तेवढंच लांब पाहिजे ना. मोठी मोकळी गच्ची असेल तर वीसेक किलोचा छोटा जनरेटर दोघं मिळून वर नेऊ शकतात, जिन्याच्या दारापासून लांबच्या कोपऱ्यात, पण उन्हाळ्यात निम्मं सोलापूर गच्चीवर झोपतं, शेजारचे पण, तेव्हा रात्री तो चालवायचाच नाही. एवढी जागा नसेल तर माझं स्पष्ट मत आहे की जनरेटर घेऊच नका, तेच पैसे मोठ्या बॅटरीत घाला.

आणि वळीव आला की मशीन उचलून आत आणतात, ते तर नकोच. बंद करा. फ्रिज उघडला नाही तर आतलं चार तास थंड राहतं.

दुसरी गोष्ट, दोन्ही टोकाला प्लग असलेली वायर करून जनरेटर घरातल्या सॉकेटला जोडतात, ते पण नकोच. मेन स्विच पाडलाय की, मग काय होतंय असं म्हणतात, पण अंधारात घाईत एखाद्या वेळी तो पाडायचा राहिला तर तुमचं करंट उलटं लाईनवर जातं, डीपीमधून उलट्या बाजूला गेलं की २३० व्होल्टचे ११,००० होतात, आणि तिकडं खांबावर वायरमन लाईट गेलीय समजून काम करत असतो. त्याच्या घरी पण कुणीतरी वाट बघतंय. शिवाय त्या वायरचं एक टोक सॉकेटमधून निघालं तर उघड्या पिनांमध्ये करंट असतं, पोरांचा हात लागायला वेळ लागत नाही. घराच्या वायरिंगला जोडायचाच असेल तर लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच (एका वेळी घराला एकतर लाईन नाहीतर जनरेटर, एकच जोडणारा) बसवून घ्या, नाहीतर जाड एक्स्टेन्शन वायर घेऊन फ्रिज थेट जनरेटरला लावा. वायर पूर्ण उलगडायची, गुंडाळी तशीच ठेवली की तापते. फ्रिज सुरू होताना चालू लोडच्या कितीतरी पट ओढतो, तेवढा हिशोब धरूनच वॅट बघा.

पेट्रोल भरताना मशीन बंद, आणि पंधरा मिनिटं तरी गार होऊ द्यायचं. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून घरात ठेवू नका, देवघरात दिवा असतो, स्वयंपाकघरात गॅस.

बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साईड अलार्म ऑनलाईन मिळतो, तो जनरेटरबरोबरच मागवा आणि झोपायच्या खोलीत लावा. धुराचा अलार्म वेगळा असतो, त्याला हा गॅस कळत नाही, तेव्हा घेताना नाव नीट वाचून घ्या.