दहा हजारांच्या नोटेवरचा कवी

आइसलँडमध्ये रोख पैसे जवळपास कुणीच वापरत नाही. पार्किंगपासून पावाच्या दुकानापर्यंत सगळीकडे कार्ड चालतं. तरी रेक्याविकमधल्या एका बँकेत जाऊन मी मुद्दाम दहा हजार क्रोनांची नोट घेतली. ही त्यांची सगळ्यात मोठी नोट, २०१३ साली आलेली. तिच्यावर ना राजा, ना पुढारी. योनास हाल्ग्रिम्सोन नावाचा कवी आहे आणि टिटवीच्या कुळातला 'लोआ' पक्षी. हा आला की तिकडे वसंत आला म्हणतात. उभ्या आयुष्यात ज्याची पैशांची ओढाताण संपली नाही, त्याचं चित्र सगळ्यात मोठ्या नोटेवर!

या योनासच्या गावाला जायचं, एवढं घरून निघतानाच ठरवलं होतं. त्याच्या कवितांचे डिक रिंगलर यांनी केलेले इंग्रजी अनुवाद वाचून मी पुरता अडकलो होतो. बायकोचं म्हणणं, धबधबे बघायला आलोय की कवीचं घर? मी म्हटलं, रस्ता एकच आहे. आणि ते खरंही होतं. देशाला वळसा घालणारा एक नंबरचा रस्ता उत्तरेत आकुरेरीला पोचायच्या आधी एका डोंगरी पठारावरून उतरतो तो थेट ओक्स्नादालुर खोऱ्यात. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून नदी, लांब लांब विखुरलेली शेतघरं. डाव्या हाताच्या डोंगरधारेवर ह्रोइन्द्राउंगी हा सुळका उभा असतो, १०७५ मीटर उंचीचा. १९५६ पर्यंत त्याच्या माथ्यावर कुणी चढलं नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा धारेवर ढग बसलेले. सुळका कधी दिसे, कधी गडप होई.

सुळक्याच्या पायथ्याशी ह्रोइन हे शेतघर. १६ नोव्हेंबर १८०७ ला योनास इथे जन्मला. वडील धर्मोपदेशकाचे मदतनीस होते, आणि तो धर्मोपदेशकही साधासुधा नव्हता: मिल्टनचं 'पॅराडाइज लॉस्ट' आइसलँडिकमध्ये आणणारा कवी योन थोर्लाउक्सोन. इतक्या आडबाजूच्या खोऱ्यात, कडाक्याच्या थंडीत, बसून मिल्टन! तेव्हा योनासवर संस्कार झाले कुठून, हा प्रश्न मला फारसा पडला नाही.

घरामागून चढण लागते. दगडांच्या राशी, शेवाळ, पायाखाली सतत पाणी. वर ह्रोइन्सवात्न नावाचं तळं आहे. योनास आठ वर्षांचा असताना, १८१६ साली, त्याचे वडील याच तळ्यात मासे धरायला गेले आणि बुडाले. पाणी करडं होतं, वारा इतका की उभं राहवेना. बायको एका खडकाच्या आडोशाला बसली आणि पुढच्या धबधब्याची चौकशी करू लागली.

वाटेत खडकांवर एक चिवट, तपकिरी-हिरवी वनस्पती दिसते. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भावकीतली. दुष्काळात आइसलँडच्या लोकांना तिने तगवलं. ती गोळा करायला डोंगरावर जाणारा मुलगा आणि मुलगी, एवढ्याशा विषयावर योनासने 'ग्रासाफेर्द' ही कथा लिहिली. ती छापली गेली त्याच्या मृत्यूनंतर. आज आइसलँडिकमधली पहिली आधुनिक लघुकथा म्हणून तिचा मान आहे. कथानक जवळजवळ नाहीच. दोघं चढतात, एकमेकांना चिडवतात, कविता म्हणून दाखवतात. मला ती त्याच्या देशभक्तिपर कवितांपेक्षा जास्त जवळची वाटते.

पण देशाने त्याला डोक्यावर घेतलं ते कवितांसाठीच. १८३२ साली तो कोपनहेगनला शिकायला गेला, कायदा सोडून निसर्गविज्ञानाकडे वळला आणि १८३५ मध्ये तीन मित्रांसोबत 'फ्योल्निर' हे नियतकालिक काढलं. पहिल्याच अंकात त्याची 'आइसलँड' ही कविता होती. थिंग्वेत्लिरला, जिथे इसवी सन ९३० पासून देशाची सभा, अल्थिंग, भरायची, तिथे आता मेंढ्यांचा वाडा झाला आणि बेरी वेचायला पोरं आणि कावळे तेवढे येतात, असा तिचा सूर. सुनीत हा प्रकार, जो मराठीत केशवसुतांनी आणला, तो आइसलँडिकमध्ये योनासने रुजवला. एक गोष्ट मात्र मला खटकते. १८३७ मध्ये त्याने सिगुर्दुर ब्रेदफ्योर्द या लोकप्रिय जुन्या वळणाच्या कवीची अशी काही चिरफाड केली की ते परीक्षण आजही गाजतंय. मुद्दे बरोबर असतीलही, पण तो बिचारा पुढे कंगाल अवस्थेत मेला.

एका पाद्र्याच्या थोरा नावाच्या मुलीसोबत योनास तरुणपणी घोड्यावरून उत्तरेकडे आला होता. लग्न झालं नाही. पुढे कित्येक वर्षांनी 'फेर्दालोक' कवितेत त्याने तो प्रवास पुन्हा केला: नदीकाठी तिचे केस विंचरले त्याची आठवण, आणि प्रेमाचा तारा ह्रोइन्द्राउंगीवर ढगाआड गेलेला. खाली रस्त्याशी आलो तेव्हा सुळका पुन्हा झाकला होता. मी तक्रार केली नाही.

मृत्यूची हकीकत विचित्र आहे. मे १८४५ मध्ये कोपनहेगनला रात्री आपल्या खोलीकडे जाताना जिन्यावर तो पडला, पाय मोडला. तसाच वर गेला आणि सकाळपर्यंत कुणाला हाक मारली नाही. इस्पितळात रक्तात विष भिनलं. शेवटची रात्र त्याने एक हलकीफुलकी कादंबरी वाचत जागून काढली, असं त्याचा मित्र कोन्राउदने लिहून ठेवलंय. २६ मेला गेला, वय ३७.

त्यानंतर १०१ वर्षांनी हाडांचं नाट्य सुरू झालं. १९४६ साली कोपनहेगनच्या दफनभूमीतून अस्थी उकरून मायदेशी आणल्या. योनासच्या एका श्रीमंत भक्ताने पेटी परस्पर उत्तरेला नेली, कारण कवीला आपल्याच खोऱ्यात पुरलं पाहिजे असा त्याचा हट्ट. याच ओक्स्नादालुरमधल्या बाक्कीच्या चर्चात ती पेटी काही दिवस पडून होती. धर्मगुरूंनी दफन करायला नकार दिला. शेवटी सरकारने ती परत नेली. हाडं योनासची नाहीतच, कुणा डॅनिश पावभट्टीवाल्याची आहेत, अशी कुजबुज तेव्हापासून चालू आहे. आइसलँडचा कादंबरीकार लाक्सनेस याने दोन वर्षांनी 'अणुकेंद्र' कादंबरीत या प्रकरणाची यथेच्छ टर उडवली.

माझं मत त्या हट्टी भक्ताच्या बाजूने. खोऱ्यात उभं राहून पाहिल्यावर दुसरं मत होणं अवघड आहे.

शेवटच्या दिवशी थिंग्वेत्लिरला गेलो. बसमधून उतरणारी माणसं सरळ पृथ्वीच्या कवचाच्या दोन भूपट्टांमधली भेग बघायला पळतात. चर्चच्या मागे एक गोल आवार आहे, राष्ट्रीय दफनभूमी. देशाचे थोर लोक इथे पुरायचे असा बेत होता. आजवर दोघेच आले, एनार बेनेडिक्टसोन आणि योनास, दोघंही कवी. योनासचा आग्रह होता की पुनरुज्जीवित अल्थिंग इथेच, थिंग्वेत्लिरला, भरावी. तो गेला त्यानंतर काही आठवड्यांतच, जुलै १८४५ मध्ये, ती पुन्हा सुरू झाली. पण रेक्याविकला. अजूनही तिथेच भरते.