स्वस्त आहे खरं, पण का?

डिस्काउंटच्या किंवा सेकंडहँड वस्तूंच्या दुकानात एखादी गोष्ट आवडली की आधी ती स्वस्त का आहे ते शोधायचं. खोका चेपलाय, रंग मागच्या हंगामातला आहे, सेटमधला एक नग फुटलाय, कुणी घर बदलताना देऊन टाकलीय, यातलं काही असेल तर खुशाल घ्या. कारण सापडतच नसेल, तर खोट बहुधा आत असते.

काच, स्टील, बीड, पितळ या गोष्टी कोरड्या जागी वर्षानुवर्षं पडून राहिल्या तरी त्यांचं फारसं बिघडत नाही. रबर, इलॅस्टिक, फोम, गोंद आणि नकली लेदर मात्र न वापरताही जुने होतात. पॉलियुरेथेनचं नकली लेदर हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत सुटत जातं. म्हणून लेबल लावलेली कोरी पर्स घरी आणल्यावर काही महिन्यांत पापुद्रे सोडायला लागते. घडीच्या जागी दुमडून नखाने घासून बघा. चिकट लागली तर परत ठेवा. इलॅस्टिकची चादर असेल तर कडा ताणून कानाशी धरा. करकर आवाज आला म्हणजे इलॅस्टिक संपलं.

खिशात एक छोटं चुंबक, मोजपट्टी आणि दोन पेन्सिल सेल ठेवा. चुंबकाचा उपयोग लोकांना वाटतो त्यापेक्षा जास्त आहे. भरीव पितळेला ते चिकटत नाही, पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतं. स्टीलच्या भांड्याच्या तळाला घट्ट बसलं नाही तर ते भांडं इंडक्शनवर चालणार नाही. तळ सपाट आहे का ते मोजपट्टी उभी धरून बघायचं. मध्ये फुगलेलं भांडं सपाट शेगडीवर डुगडुगतं आणि एकाच जागी करपतं. नॉनस्टिकवर ओरखडे असतील तर फुकट मिळालं तरी नको. गंजलेला बिडाचा तवा मात्र बेलाशक घ्या, फक्त तडा नाही याची खात्री करा. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर अशा मिश्रणात तो बुडवा आणि दर अर्ध्या तासाने काढून घासा. रात्रभर ठेवाल तर आम्ल गंजाबरोबर लोखंडही खाईल. मग लगेच पुसून, तापवून कोरडा करा, तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि 230 अंशांवर ओव्हनमध्ये तासभर पालथा ठेवा. तेल जास्त झालं की पृष्ठभाग चिकट राहतो. बहुतेक तवे इथेच बिघडतात.

कप कानाला धरून लटकवा आणि नखाने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी केसासारखी चीर आहे. काठावरून बोट हळूच फिरवा, टवके डोळ्यांआधी बोटाला कळतात. जुन्या, भडक रंगाच्या चिनी मातीच्या भांड्यांच्या झिलईत शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतात. अशी भांडी शोभेला ठेवा, जेवायला नको.

लाकडी सामानाच्या भोकांखाली ताजी पिठूळ भुकटी दिसली तर कीड अजून जिवंत आहे. खण पूर्ण बाहेर काढून तळ बघा. भुसा दाबून केलेली फळी असेल तर ओल लागलेल्या कडा फुगलेल्या दिसतात, आणि ती फूग पुन्हा बसत नाही. गाद्यागिरद्यांच्या शिवणीत काळे ठिपके म्हणजे ढेकूण. कापडी वस्तू घरात आणल्या आणल्या 60 अंशांच्या पाण्यात धुवा, अर्थात कापडाला ते सोसत असेल तर.

जुनं हेल्मेट आणि लहान मुलांची कारसीट कितीही चांगली दिसली तरी घेऊ नका. आधी बसलेला धक्का बाहेरून दिसत नाही.

भेटवस्तू शोधताना तयार सेटच्या मागे लागू नका. सुटे काचेचे पेले एकाच उंचीचे किंवा एकाच रंगाचे निवडले की सहांचा छान संच होतो, आणि सुटे नग सेटपेक्षा स्वस्त पडतात. सुगंधी मेणबत्त्या आणि अत्तरं जुन्या साठ्यातली असतील तर वास विरलेला असतो. खेळण्यातल्या सेलची खाच उघडा. पांढरी भुकटी दिसली तर सेल गळलेत. नसतील गळले तर खिशातले दोन घालून खेळणं तिथेच चालवून बघा. बोर्ड गेम सीलबंद नसेल तर सोंगट्या दुकानातच मोजा.

हिशेबातही फसगत होते. '50 टक्के सूट, त्यावर आणखी 20' म्हणजे 70 नव्हे, 60 टक्के. डिस्काउंटच्या दुकानातलं पाकीट कधीकधी मुळातच लहान असतं, म्हणून दर 100 ग्रॅमचा भाव काढून बघा. काही थ्रिफ्ट म्हणजे सेकंडहँड दुकानांत किमतीच्या चिठ्ठ्यांचे रंग माल कधी आला ते सांगतात, आणि जुन्या रंगावर सूट वाढत जाते. या आठवड्यात कोणता रंग आहे आणि नवा माल कोणत्या दिवशी लागतो, हे काउंटरवर विचारलं की सांगतात.

भेट द्यायच्या वस्तूवरचं किमतीचं स्टिकर ओढून काढू नका. हेअर ड्रायरची गरम हवा अर्धा मिनिट द्या आणि कोपऱ्यापासून तिरकं सोलत न्या. काचेवर, स्टीलवर चिकटा उरला तर खाद्यतेल चोळून दहा मिनिटं थांबा, मग साबणाने धुवा. पुठ्ठ्याच्या खोक्याला तेल लावू नका, डाग कायमचा राहतो. तिथे नुसती गरम हवाच बरी.