छायेचं छायाचित्र

आठ दिवस आधी

पौर्णिमेचा चंद्र दर महिन्याला मिळतो. चंद्रग्रहणाच्या रात्री मिळते ती पृथ्वीची सावली. सुमारे चौदा लाख किलोमीटर लांब पसरलेली ही सावली एरवी दिसत नाही, कारण ती पडायला समोर काही नसतं. चंद्र तिच्यात शिरला की तेवढ्यापुरता तो पडदा होतो. कॅमेरा चंद्रावर रोखलेला असला तरी टिपायची असते सावलीच, आणि छायाचित्र हा शब्द इथे अगदी शब्दशः लागू पडतो. लेन्स कोणती घ्यायची इथपासून रंग किती चढवायचा इथपर्यंत सगळं या एका गोष्टीवर ठरतं.

आधी वेळा लिहून काढायच्या. पंचांगातले शब्दच सोयीचे आहेत: स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. स्पर्शाला चंद्र गडद छायेला टेकतो, संमीलनाला पूर्ण आत जातो, उन्मीलनाला त्याची पहिली कड बाहेर येते, मोक्षाला तो मोकळा होतो. खग्रास अवस्था, म्हणजे संमीलन ते उन्मीलनापर्यंतचा वेळ, दर वेळी वेगळी असते. २७ जुलै २०१८ ला ती १०३ मिनिटं चालली, या शतकातली सर्वांत लांब. ३ मार्च २०२६ च्या ग्रहणात ती सुमारे ५८ मिनिटांची. चंद्र छायेच्या मध्यातून जातो की कडेने, आणि त्या वेळी तो पृथ्वीपासून किती लांब आहे, यावर हे ठरतं. लांबचा चंद्र दिसतो लहान आणि सरकतोही सावकाश.

लेन्सचं गणित सोपं आहे. फोकल लेंग्थला ११० ने भागलं की सेन्सरवर पडणाऱ्या चंद्राचा व्यास मिळतो. २०० मिमीला जेमतेम १.८ मिमी, ६०० ला साडेपाच, १००० ला नऊ. आठ इंची श्मिट-कॅसग्रेन दुर्बिणीची फोकल लेंग्थ २०३२ मिमी, म्हणजे चंद्र साडेअठरा मिमीचा. क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरची उंची पंधरा मिमीच्या आसपास, त्यात तो मावतच नाही. फोकल लेंग्थ कमी करणारा ०.६३ चा रिड्यूसर लावला की साडेअकरा मिमीवर येतो आणि बसतो. तरीही मोठ्या दुर्बिणीचा मोह टाळावा असं मला वाटतं. ४०० ते ६०० मिमीची लेन्स किंवा ८० मिमीची छोटी अपवर्ती (भिंगाची) दुर्बीण या कामाला उत्तम. चंद्राभोवती मोकळं आकाश हवं, कारण खग्रासात तिथे तारे उमटतात. चौकट काठोकाठ भरली की सावलीचा गोलवा नजरेला जाणवत नाही.

आदली रात्र

आज चंद्र जवळपास पूर्ण आहे, म्हणजे रंगीत तालमीला योग्य. उद्याची पहिली तासाभराची सेटिंग आजच पक्की करता येतात.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढायचा नाही. त्याच्या हुकाला पिशवी अडकवायची, पण ती जमिनीला टेकलेली हवी. लोंबकळली तर वाऱ्यात झोके घेते आणि तोच हादरा फोटोत उतरतो. लांब लेन्स घट्ट केल्यावरही केसभर खाली बसते, म्हणून चौकट थोडी वर धरून मग आवळायची. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, ऑटोफोकस बंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवायला बरेच जण विसरतात. ते चालू असलं की चार सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी चार सेकंद अडकून पडतो. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढायचा. खंडग्रास अवस्थेत उजळ कोर मुद्दाम जळू द्यावी लागते आणि तेव्हा या काचेतून परावर्तन होऊन चौकटीत हिरवट असा दुसरा चंद्र उमटतो.

फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. व्हाइट बॅलन्स सूर्यप्रकाशावर, ५२०० ते ५५०० केल्विन, आणि रात्रभर तोच. ऑटोवर ठेवला तर कॅमेरा लाल रंगाला चूक समजून तो पुसत बसतो. रॉमधून नंतर सुधारता येतो हे खरं, पण रात्रभर पडद्यावर खोटा रंग पाहून एक्स्पोजरचे निर्णय चुकतात. मीटरवरही विसंबायचं नाही. चौकटीतला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग काळा असतो. मीटर तो काळा करडा करायला जातो आणि चंद्र पांढरी टिकली होऊन बसतो. पूर्ण चंद्राला एफ/८, आयएसओ १००, १/२५० सेकंद. हा आपला पाया.

फोकस लाइव्ह व्ह्यूत दहापट मोठं करून, चंद्राच्या कडेवर किंवा टायको विवरातून फुटलेल्या उजळ किरणांवर. हवा गार होत गेली की नळी आकसते आणि फोकस सरकतो, त्यामुळे एकदा जुळवून चिकटपट्टी लावून टाकली असं होत नाही. स्पर्शाआधी, संमीलनाआधी आणि मध्याच्या सुमारास, तिन्ही वेळा पुन्हा बघायचा. खग्रासात चंद्र इतका मंद असतो की त्याच्यावर फोकस नीट समजत नाही. तेव्हा जवळचा एखादा तेजस्वी तारा धरून बाह्तिनोव्ह मास्क (फोकस अचूक कळावा म्हणून लेन्सपुढे लावायची खाचांची जाळी) लावावा.

ग्रहणाची रात्र, स्पर्शाआधी

छायाकल्पाचा, म्हणजे गडद छायेभोवतीच्या फिकट छायेतला, पहिला अर्धा तास तर डोळ्यांना काहीच कळत नाही. शेवटच्या वीसेक मिनिटांत एक बाजू धुरकटते. या टप्प्यात दर दहा मिनिटांनी एक फोटो पुरे; शटर १/२५० वरून हळूहळू १/१२५ वर.

दवाची तयारी मात्र आत्ताच. लेन्सला हूड आणि यूएसबीवर चालणारा गरम पट्टा स्पर्शाच्या तासभर आधी चालू करावा. दव एकदा बसलं की काच पुसायची नाही; पाण्याचा पातळ थर पसरतो आणि चंद्राभोवती दुधी वलय येतं. बॅटरी गारठ्यात लवकर उतरते, जास्तीची खिशात अंगाच्या उबेला ठेवावी.

स्पर्श ते संमीलन

छाया प्रथम चंद्राच्या पूर्वेकडच्या, म्हणजे ग्रिमाल्डी विवराच्या बाजूच्या कडेला लागते. मग अरिस्टार्कस, कोपर्निकस ही विवरं, आणि सर्वांत शेवटी मरे क्रिसियम या काळसर मैदानाची बाजू. कोणतं विवर छायेत कधी बुडालं ते मिनिटाच्या दहाव्या भागापर्यंत लिहून ठेवणं हे हौशी निरीक्षकांचं जुनं आणि उपयोगाचं काम आहे. कॅमेऱ्याचं घड्याळ सेकंदापर्यंत जुळवलेलं असेल तर फोटोंच्या वेळांवरूनच ते करता येतं.

अवघड टप्पा हाच. एकाच चकतीवर दोन जगं असतात. उजळ भागाला अजून आयएसओ १०० वर १/१२५ हवं, छायेतल्या भागाला एफ/८ आणि आयएसओ ८०० वर दोन सेकंद. मधलं अंतर सुमारे अकरा स्टॉपचं आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). कोणताही सेन्सर एका फोटोत हे नीट सामावत नाही. म्हणून दर दहा मिनिटांनी एक पूर्ण मालिका: १/१२५ पासून दोन-दोन स्टॉप वाढवत छायेच्या एक्स्पोजरपर्यंत, सहा-सात फोटो. मधल्या वेळात फक्त उजळ भागाचे. कोर बारीक होत जाते तसं शटर १/६०, १/३०, शेवटी १/१५. याचं कारण ध्यानात घेण्याजोगं आहे. छायेच्या काठाशी असलेल्या चंद्रावरून पाहिलं तर सूर्याचा बराचसा भाग पृथ्वीने झाकलेला असतो, त्यामुळे उरलेली कोरही मुळात मंदच उजळलेली असते.

आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारा माउंट नसेल तर चौकट दर पाच मिनिटांनी तपासावी. ६०० मिमी आणि फुल फ्रेम (मोठ्या) सेन्सरवर लांबीच्या बाजूला साडेतीन अंशांपेक्षा थोडं कमी आकाश मावतं. चंद्र ते तेरा-चौदा मिनिटांत ओलांडून जातो.

खग्रास

संमीलनानंतरची पहिली चार-पाच मिनिटं आणि उन्मीलनाआधीची तेवढीच माझ्या लेखी सगळ्या रात्रीत सर्वांत मोलाची. चंद्राच्या एका कडेला निळसर हिरवा पट्टा येतो, डोळ्यांना पुसट, फोटोत स्पष्ट. पृथ्वीच्या वातावरणात उंचावरच्या ओझोनच्या थरातून आलेला हा प्रकाश. ओझोन त्यातला नारिंगी-लाल भाग शोषतो आणि निळा पुढे जाऊ देतो. त्याच्या आत लाल, तो खालच्या दाट हवेतून वाकून आलेला. त्या क्षणी पृथ्वीच्या कडेवर जिथे जिथे सूर्य उगवतोय किंवा मावळतोय, तिथला सगळा उजेड चंद्रावर पडलेला असतो. पट्ट्यासाठी एक्स्पोजर मध्यापेक्षा दोन स्टॉप कमी ठेवायचं: एफ/८, आयएसओ ८००, अर्धा सेकंद किंवा थोडं जास्त. मध्याच्या सेटिंगने काढला तर तो पांढरा होऊन नाहीसा होतो.

मध्याला काय लावायचं हे आधी कुणीच सांगू शकत नाही, आणि म्हणूनच कोष्टकावर विसंबून राहू नये. साधारण ग्रहणाला एफ/८, आयएसओ ८०० वर दोन ते तीन सेकंद. पूर्ण चंद्रापेक्षा सुमारे बारा स्टॉप, म्हणजे चार हजारपट जास्त. उजळ तांबूस ग्रहणाला पाऊण सेकंदही पुरतो, काळपट ग्रहणाला दहा सेकंद कमी पडतात. जून १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला. डिसेंबर १९९२ च्या ग्रहणातही चंद्र विलक्षण काळा झाला होता, कारण उद्रेकातून स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात, गेलेल्या कणांनी तो वाकून येणारा उजेडच अडवला. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजाँ यांनी १९२१ मध्ये मांडलेली शून्य ते चारची मोजपट्टी यासाठीच आहे: शून्य म्हणजे चंद्र जवळजवळ दिसेनासा, दोन गडद गंजासारखा, तीन विटकरी, चार तेजस्वी तांबडा, निळसर कडेसह. हा आकडा कॅमेऱ्याच्या पडद्याकडे न बघता, नुसत्या डोळ्यांनी बघून तिथल्या तिथे लिहावा. अंधारात पडदा फार उजळ भासतो आणि मन त्याचाच रंग खरा मानू लागतं.

हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) बघताना तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघायचा. एकत्रित आलेख मध्यावर निवांत दिसत असताना लाल रंग उजव्या भिंतीला धडकलेला असतो. लाल कापला गेला की चंद्र सपाट केशरी होतो आणि छायेतला चढ-उतार जातो. हा चढ-उतार खग्रासातही दोन-तीन स्टॉपचा असतो: छायेच्या केंद्राकडची बाजू काळपट, कडेची उजळ. मला तरी त्याच्याशिवाय ग्रहणाचा फोटो अपुरा वाटतो.

आता माउंट नसलेल्यांचा हिशेब. आकाश सेकंदाला पंधरा आर्कसेकंद फिरतं (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ४ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ४०० मिमीची लेन्स असेल तर एक पिक्सेल म्हणजे सुमारे दोन आर्कसेकंद, म्हणजे एका सेकंदात चंद्र सात पिक्सेल सरकला. पाव सेकंदाच्या पुढे जायचं नाही. एफ/५.६ आणि आयएसओ ३२०० वर पाव सेकंदात साधारण ग्रहण बरोबर बसतं. फोटो दाणेदार येईल. त्यावर उपाय म्हणजे एकाच सेटिंगवर तीस-चाळीस फोटो सलग काढून नंतर ऑटोस्टॅकर्ट या संगणक प्रोग्राममध्ये एकावर एक रचणं. दाणा असलेला नेमका फोटो गुळगुळीत पण हललेल्या फोटोपेक्षा कधीही चांगला.

माउंट असेल तर चांद्र गती (चंद्राबरोबर) आणि नाक्षत्र गती (ताऱ्यांबरोबर) यातलं एक निवडावं लागतं. दोन्हींत फरक सेकंदाला सुमारे अर्ध्या आर्कसेकंदाचा. तीन-चार सेकंदांपर्यंत नाक्षत्र गतीवर चंद्रही टिकतो आणि तारेही गोल राहतात. त्याहून लांब एक्स्पोजर लागलं तर चंद्रासाठी वेगळे आणि ताऱ्यांसाठी वेगळे काढावेत.

दुसरा कॅमेरा असल्यास तो खग्रासभर व्हिडिओवर ठेवायला हरकत नाही. २१ जानेवारी २०१९ च्या ग्रहणात चंद्रावर एक उल्का आदळल्याची क्षणिक ठिणगी अशीच टिपली गेली होती.

ज्यांना सगळं ग्रहण एका चौकटीत ओळीने हवं आहे त्यांनी दर पाच मिनिटांनी एक फोटो घ्यावा. तेवढ्यात चंद्र सव्वा अंश सरकतो, त्यामुळे दोन चंद्रांमध्ये दीड चंद्राएवढी जागा सुटते. स्पर्श ते मोक्ष साडेतीन तास धरले तर ५२ अंशांची वाट होते. ३५ मिमीच्या लेन्समध्ये फुल फ्रेमवर आडवे ५४ अंश मावतात, म्हणजे काठावर; २४ मिमी घ्यावी. यात हमखास होणारी चूक एकच: खग्रासात एक्स्पोजर वाढवायचं राहतं आणि माळेतले मधले मणी गायब होतात.

दुसऱ्या दिवशी

सॅच्युरेशनची पट्टी सरकवायची नाही. पांढरा संतुलित, काळा बिंदू जरासा वर, बस्स. खंडग्रासाच्या मालिकेतले फोटो थर लावून जोडताना उजळ कोर उजळच राहू द्यावी. ती करडी करून लाल भागाच्या बरोबरीला आणली की तो प्रकाश कुठल्याच आकाशातला राहत नाही.

शेवटचं काम सावलीचा पूर्ण घेर उभा करण्याचं. छायेची कड चंद्रावर नेहमी वर्तुळाचा तुकडा असते, आणि ॲरिस्टॉटलने पृथ्वी गोल असल्याचा पुरावा म्हणून याच कडेकडे बोट दाखवलं होतं. स्पर्शानंतरचा, मध्याचा आणि मोक्षाआधीचा असे तीन फोटो घ्यायचे. ते ताऱ्यांवर जुळवावेत असं पहिल्यांदा सुचतं, पण ते चुकतं. साडेतीन तासांत पृथ्वीच्या फिरण्याने आपण स्वतःच हजारो किलोमीटर सरकलेले असतो, आणि मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत चंद्र आणि छाया दोन्ही त्यामुळे हलतात. त्याऐवजी चंद्राच्या व्यासाच्या २.६ ते २.७ पट व्यासाचं एक वर्तुळ वेगळ्या थरावर काढून कडेच्या दोन्ही फोटोंतली छायेची कड त्या वर्तुळावर आणून बसवावी. मधला फोटो मग वेळेच्या प्रमाणात दोघांच्या मध्ये ठेवायचा. वर्तुळाचा आकार निव्वळ भूमितीने मोजून काढला असेल तर ते किंचित लहान पडेल, साधारण दोन टक्क्यांनी. तेवढं मोठं करून घ्यावं. ती वाढ पृथ्वीभोवतीच्या हवेची आहे.